पहिल्यांदाच अमेरिकन कॉलेज फुटबॉलचा सामना बघायला जातेय, नक्की बघायचं काय?

नवी_पाटी

नमस्कार मंडळी. ऑगस्टमध्ये आम्ही अमेरिकेतल्या आयोवा सिटीत राहायला आलो. नवऱ्याची नोकरी विद्यापीठात आहे, माझं बस्तान अजून बसायचंय. खालच्या मजल्यावर पंचाहत्तरीच्या एक आजी राहतात. इथल्या विद्यापीठाच्या फुटबॉल मैदानाची, किनिक स्टेडियमची, दोन सीझन तिकिटं त्यांच्या घरात कितीतरी वर्षांपासून आहेत. आधी नवऱ्याबरोबर जायच्या, ते गेल्यापासून बहिणीबरोबर. बहिणीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, म्हणून येत्या शनिवारी मला चल म्हणाल्या. मी हो म्हणून बसले आणि आता धडधडतंय.

तयारी म्हणून गेल्या दोन शनिवारी टीव्हीवर सामने लावले. खरं सांगते, सगळं डोक्यावरून गेलं. पाच-सहा सेकंद धावपळ, मग माणसांचा ढीग, शिट्टी, की पुन्हा अर्धा मिनिट सगळे उभे. चेंडू कुणाकडे आहे ते कळेपर्यंत तो माणूस आडवा झालेला असतो. 'थर्ड अँड सेव्हन' म्हणतात ते काय असतं? टीव्हीवर दिसणारी पिवळी रेघ खरोखर मैदानावर आखलेली असते का? एनएफएलचा, म्हणजे व्यावसायिक लीगचा खेळ आणि हा एकच ना?

आजींनी एक गोष्ट बजावून सांगितलीय. पहिला क्वार्टर, म्हणजे सामन्याच्या चार भागांतला पहिला, संपला की जागा सोडायची नाही, काही आणायला म्हणून उठायचं नाही. का विचारलं तर म्हणाल्या, तेव्हा कळेल.

नियमांची जंत्री नको, ती कुठेही मिळते. या बाई इतकी वर्षं थंडीवाऱ्यात तिथे जाऊन बसतात, तेव्हा त्यांना जे दिसतं ते मलाही दिसावं, एवढंच.

मक्याचं_रान

तुमच्याच गावात मी सोळा वर्षं आहे. आधी कामाचं सांगतो. पिशवी पारदर्शक लागते, नाहीतर दारावरून परत पाठवतात. बसायला बाक असतात, खाली घ्यायला काहीतरी जाड न्या. अंगावर काळा किंवा पिवळा रंग हवा, निदान समोरच्या संघाचा रंग चुकूनही नको. गाडी नेऊच नका, चालत जा.

पिवळी रेघ फक्त टीव्हीवर असते, 1998 पासून ती संगणकाने काढतात. मैदानाच्या कडेला साखळीने जोडलेल्या दोन भगव्या काठ्या घेऊन माणसं उभी असतात, त्यांच्याकडे बघायचं. दोन काठ्यांमध्ये दहा यार्ड अंतर असतं. पहिली काठी जिथून सुरुवात झाली तिथे, दुसरी जिथे पोचायचंय तिथे. तिसऱ्या काठीच्या टोकाला आकडा असतो, तो कितवा डाव चालू आहे ते सांगतो. दहा यार्ड जायला चार डाव मिळतात. 'थर्ड अँड सेव्हन' म्हणजे तिसरा डाव आहे आणि सात यार्ड बाकी आहेत. पोचलात की मोजणी पुन्हा एकपासून. चारात नाही जमलं तर चेंडू समोरच्यांकडे. चेंडू शेवटच्या पट्ट्यात नेला, म्हणजे टचडाउन झालं, तर सहा गुण, वर एक लाथ मारून एक. दोन खांबांमधून नुसती लाथ मारली तर तीन. शनिवारपुरतं एवढं पुष्कळ झालं.

पहिल्या क्वार्टरनंतरचं मी सांगणार नाही. आजींनी राखून ठेवलंय ते त्यांच्याच शेजारी उभं राहून बघा.

आलेख

तुमचा प्रश्न वाचून लिहायला बसले, कारण मीही असाच वैतागून टीव्ही बंद केला होता. मला हा खेळ ज्याने दाखवला तो मुलगा स्वतः तो खेळत होता.

पीएचडी करताना चार वर्षं मी, आयोवा ज्या बिग टेन गटात खेळतं त्यातल्याच एका विद्यापीठात खेळाडूंची संख्याशास्त्राची शिकवणी घ्यायचे. 2011 च्या हिवाळ्यात माझ्याकडे एक मुलगा आला. वय एकोणीस, वजन एकशे चाळीस किलोच्या आसपास, आणि आवाज इतका मऊ की दोनदा विचारावं लागायचं. तो लेफ्ट गार्ड होता. संध्याकाळी साडेसातला सराव आटोपून यायचा तेव्हा दोन्ही गुडघ्यांवर बर्फाच्या पिशव्या प्लॅस्टिकच्या पट्टीने गुंडाळलेल्या असायच्या. तासाभरात बर्फ वितळून खुर्चीखाली थारोळं साचायचं, आणि जाताना तो खाली वाकून ते स्वतः पुसायचा. बोटांना पांढरी चिकटपट्टी असायची, त्यामुळे पेन्सिल तीन बोटांत न धरता तो मुठीत धरायचा.

एकदा मी सहज म्हणाले, तुमच्या खेळात मला नुसता ढीग दिसतो. त्याने माझ्याच आलेख-कागदावर ओळीत पाच गोल काढले. मधला सेंटर, त्याच्या दोन्ही बाजूंना गार्ड, त्यांच्या पलीकडे टॅकल. म्हणाला, चेंडू बघू नकोस, या पाचांना बघ. चेंडू फसवायलाच असतो, आम्हाला मात्र कुणाला फसवता येत नाही.

त्याने जे समजावलं ते तसंच सांगते. डाव सुरू होतो त्या क्षणी या पाचजणांची हेल्मेटं बघायची. हेल्मेट वर उठलं आणि माणूस मागे सरकला तर चेंडू फेकला जाणार, कारण त्यांना मागे भिंत करून चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकला वेळ मिळवून द्यायचाय. हेल्मेट खाली जाऊन माणूस पुढे घुसला तर चेंडू घेऊन कुणीतरी धावणार, कारण त्यांना वाट फोडायचीय. समोरच्या बचावातले लाइनबॅकरसुद्धा गार्डकडे बघूनच ओळखतात. आणि कधीकधी गार्ड पुढेही जात नाही, मागेही नाही. तो वळतो आणि आपल्याच माणसांच्या पाठीमागून आडवा पळत दुसऱ्या टोकाला पोचतो. याला पुलिंग म्हणतात. एवढा अवाढव्य माणूस आडवा पळताना दिसला की समजा, चेंडू त्याच्या मागोमाग येणार. पहिल्यांदा मला हे आपलं आपण ओळखता आलं तेव्हा मी घरात एकटीच ओरडले होते. कबड्डीत चढाई करणाऱ्याच्या खांद्यावरून तो कुठे वळणार हे जुन्या माणसाला कळतं ना, तसलंच हे.

तेव्हा तो अर्धा मिनिट फुकट जात नाही. ढीग उठला की काठीवरचा आकडा बघायचा, किती यार्ड उरले ते बघायचं आणि मनाशी ठरवायचं, धावतील की फेकतील? तिसरा डाव आणि एकच यार्ड बाकी असेल तर सगळ्या स्टेडियमला वाटतं धावणार. समोरच्या संघालाही तेच वाटतं, म्हणून तर तिथे फसवायला वाव मिळतो. आजी बहुधा हेच करत असणार. त्यांना विचारून बघा, 'आता काय करतील?' माझी खात्री आहे, उत्तर तयार असेल.

एनएफएलशी फरक विचारलात. पुष्कळ आहेत, मला महत्त्वाचे वाटतात ते सांगते. मैदानावर मध्ये आखूड रेघांच्या दोन रांगा असतात, हॅश मार्क. डाव या दोन रांगांच्या मध्येच कुठेतरी सुरू होतो. एनएफएलमध्ये त्यांच्यात साडेअठरा फूट अंतर असतं, कॉलेजात चाळीस फूट. म्हणजे कॉलेजात चेंडू एका कडेला गेला की दुसऱ्या अंगाला मोठंच्या मोठं रान मोकळं राहतं, आणि कोच ते वापरतात. दुसरं, फेकायचा डाव असताना या पाच जाड्या पोरांना तीन यार्डांपर्यंत पुढे जायची मुभा असते, एनएफएलमध्ये एकच यार्ड. त्यामुळे हा डाव धावण्याचा की फेकण्याचा, हे गुपित कॉलेजात जास्त वेळ टिकतं. चेंडू झेलताना मैदानाच्या आत एक पाय टेकला तरी चालतो, तिकडे दोन लागतात.

पण माझ्या लेखी खरा फरक वयाचा आहे. समोर दिसतात ती अठरा ते बावीस-तेवीस वर्षांची पोरं असतात, आणि सोमवारी त्यांना वर्ग असतो. माझा विद्यार्थी शनिवारी रात्री परक्या गावाहून परतायचा आणि रविवारी संध्याकाळी प्रमाण विचलन काढत बसायचा. एनसीएएचा, म्हणजे कॉलेजातल्या खेळांचे नियम ठरवणाऱ्या संघटनेचा, नियम असा की हंगामात खेळाला आठवड्याला वीस तास. कागदावर तेवढेच भरायचे. जुन्या सामन्यांचं चित्रीकरण बघणं, एकट्याने वजनं उचलणं, मालिश, बर्फ हे सगळं त्या वीसच्या बाहेर, स्वेच्छेने. मी त्याच्या आठवड्याचा आलेख काढायला लावला होता, वर्गातलाच सराव म्हणून. झोप सोडून उरलेल्या तासांत खेळाचा स्तंभ सगळ्यात उंच आला. त्याने तो कागद घडी करून खिशात ठेवला. कोचला दाखवला का, ते मी विचारलं नाही.

आणि त्या काळी त्याला पैसा मिळत नव्हता. फी, राहणं, जेवण, पुस्तकं मिळायची. स्वतःची सही केलेला फोटो विकला असता तर त्याचं खेळणं बंद झालं असतं. एकदा तो शिकवणीला आला तेव्हा पोटात कावळे कोकलत होते, मला ऐकू येत होतं. माझ्या डब्यात दोन पोळ्या आणि बटाट्याची भाजी होती. मी डबा पुढे केला, त्याने मान हलवली. शिकवणाऱ्याने खेळाडूला काही दिलं तर तो 'जादा लाभ' धरला जायचा, आमच्या प्रशिक्षणात पहिल्याच दिवशी हे सांगितलं होतं. मी विसरले होते, तो विसरला नव्हता. मी डबा बंद केला. मलाही मग खाववेना. खेळाडूंना हवं तेवढं जेवू घालायची मोकळीक एनसीएएने 2014 मध्ये दिली. तो त्याच वर्षी पदवी घेऊन बाहेर पडला.

पुढचं सगळं त्याच्यानंतर झालं. जून 2021 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ऑल्स्टन खटल्यात एनसीएएच्या विरोधात नऊ विरुद्ध शून्य निकाल दिला. 1 जुलैपासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर आणि चेहऱ्यावर पैसे कमवायची मुभा मिळाली. जून 2025 मध्ये मंजूर झालेल्या, हाउस नावाच्या खटल्यातल्या तडजोडीनंतर विद्यापीठं थेट खेळाडूंना पैसे देऊ शकतात, पहिल्या वर्षाची मर्यादा विद्यापीठामागे सुमारे 2 कोटी 5 लाख डॉलर. जुनी जाणती मंडळी म्हणतात यात खेळाची गोडी गेली, पोरं दरवर्षी संघ बदलतात. बदलतात हे खरं आहे, आणि माणूस ओळखीचा होईतो निघून गेला तर वाईट मलाही वाटतं. पण मला त्या डब्याची आठवण होते, आणि मी पोरांच्या बाजूची आहे.

शनिवारी एक करा. एका डावात चेंडू बघूच नका. मधल्या माणसाच्या डाव्या हाताचा जो असेल, तुमच्या बाजूने पाहताना तो कुठे येतो ते आजींना विचारा, फक्त त्याला बघा. शिट्टी झाल्यावर तो कुणाला हात देऊन उठवतो, तेही.

रातकिडा

आलेख, सुंदर लिहिलंय तुम्ही. पण मला राहवत नाही म्हणून लिहिते. मी फिजिओथेरपिस्ट आहे, ओहायोत. अशी पोरं मी पस्तिशीत बघते. जिना चढताना कठड्याला धरतात.

आणि गुडघे परवडले, डोक्याचं काय? 2017 मध्ये बॉस्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी फुटबॉल खेळलेल्यांचे, दान म्हणून आलेले मेंदू तपासले. कॉलेजपर्यंत खेळलेल्या 53 जणांपैकी 48 जणांच्या मेंदूत सीटीई, म्हणजे डोक्याला वारंवार मार बसून होणारा मेंदूचा आजार, सापडला. ज्यांना आधीच त्रास जाणवत होता त्यांच्याच घरच्यांनी मेंदू दिले असणार, त्यामुळे सगळ्याच खेळाडूंना हे प्रमाण लावता येत नाही, हे मला कळतं. तरी 48 हा आकडा डोक्यातून जात नाही. आणि यात मोठाल्या धडका हा एकच भाग. तुम्ही ज्या पाचजणांचं कौतुक करताय ते प्रत्येक डावाला समोरच्याच्या डोक्याला डोकं भिडवतात. त्याला कुणी शिट्टी मारत नाही.

विद्यापीठाला हे लागतंच असंही नाही. शिकागो विद्यापीठाचा जे बरवँगर 1935 मध्ये हाइझमन ट्रॉफीचा, म्हणजे कॉलेज फुटबॉलमधल्या सर्वोत्तम खेळाडूच्या बक्षिसाचा, पहिला मानकरी ठरला, आणि चारच वर्षांनी त्याच विद्यापीठाने मोठ्या फुटबॉलला रामराम ठोकला. 1942 च्या डिसेंबरमध्ये त्याच मैदानाच्या रिकाम्या गॅलरीखाली भौतिकशास्त्रज्ञ फर्मी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पहिली नियंत्रित अणुसाखळी प्रक्रिया घडवून दाखवली. फुटबॉल सोडल्याने शिकागोचं काही अडलं नाही.

नवी पाटी, तुम्ही जरूर जा, आजींसाठी तरी जा. माझं मत मांडायचं होतं, मांडलं.

आलेख

रातकिडा, तुमच्या म्हणण्यातलं काहीही खोडून काढता येणार नाही. तो मुलगा आता शाळेत गणित शिकवतो. नाताळात कधी फोन येतो तेव्हा तो एखादा शब्द शोधत थांबला की माझा जीव वर येतो, आणि मग शब्द सापडतो. इतकी वर्षं झाली तरी मी दर वेळी थांबून ऐकते.

एक मात्र खरं, या खेळाने बदलायला नकार दिलेला नाही. 1905 च्या हंगामात मैदानावर मुलं मेली, अध्यक्ष थिओडोर रूझवेल्टनी हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टनच्या लोकांना व्हाइट हाउसमध्ये बोलावलं, आणि 1906 मध्ये चेंडू पुढे फेकायची परवानगी मिळाली. त्याआधी सगळा मामला नुसता रेटारेटीचा होता. आज जो फेकीचा डाव आपण टाळ्या वाजवून बघतो, त्याचं मूळ हे आहे. आताही हेल्मेटच्या टोकाने धडक दिली किंवा बेसावध खेळाडूच्या डोक्यावर आघात केला तर 'टार्गेटिंग' म्हणून बाहेर काढतात. पुरेसं आहे का? नाही. या पाचांच्या रोजच्या टकरींवर अजून कुणाला उपाय सापडलेला नाही, आणि त्यावर आणखी बदल करावे लागले तर मी ते आनंदाने बघेन.

नवी_पाटी

जाऊन आले. सगळ्यांचे मनापासून आभार.

आधी पहिल्या क्वार्टरचं, कारण रविवारी दिवसभर मी तेच बोलत होते. शिट्टी झाली, फलकावर शून्य आलं, आणि आमच्या भोवतीची सगळी माणसं उठून एका दिशेला वळली. आजींनी माझा दंड धरून मला वळवलं. स्टेडियमला लागून मुलांचं हॉस्पिटल आहे, वरच्या मजल्यांवर मोठ्या काचा. काचांमागे छोटी छोटी माणसं उभी होती. सगळं स्टेडियम त्यांच्याकडे बघून हात हलवत होतं, जवळजवळ सत्तर हजार माणसं. समोरच्या संघाचे खेळाडू, पंच, सगळे. एका खिडकीत कुणीतरी पिवळं कापड हलवत होतं. आजी हात खाली न घेता म्हणाल्या, 2017 मध्ये सुरू झालं हे, त्याआधी इथे आम्ही नुसते खेळ बघायला यायचो.

बाहेर नाइल किनिकचा पुतळा आहे, तिथेही त्यांनी मला थांबवलं. 1939 ची हाइझमन मिळाली, आणि 1943 मध्ये नौदलाच्या विमानाच्या सराव उड्डाणात गेला, चोविसाव्या वर्षी. स्टेडियमला त्याचं नाव.

आता खेळाचं. आलेख, तुम्ही म्हणालात तसं दुसऱ्या क्वार्टरला मी गार्डला धरून बसले. पहिले तीन-चार डाव काहीच कळलं नाही. मग एकदा तो वळला! सगळ्यांच्या मागून आडवा पळत सुटला आणि मी आजींना कोपराने ढोसून म्हणाले, तिकडे, तिकडे. चेंडू खरंच तिकडेच आला. आजी माझ्याकडे बघतच राहिल्या. 'कुणी शिकवलं तुला?' म्हणाल्या. त्यानंतर प्रत्येक डावाआधी त्या हळूच सांगायच्या, 'रन' किंवा 'पास'. मी मोजलं, चौथ्या क्वार्टरमध्ये चौदातले अकरा बरोबर.

रातकिडा, तुमचं लिहिलेलंही मनात होतं. एक मुलगा पडून राहिला तेव्हा स्टेडियम इतकं गप्प झालं की बाकांवर कुणी पाय हलवला तरी ऐकू येत होतं. तो उठून चालत गेला. आजींनी तोवर माझा हात सोडला नव्हता.

एक मात्र समजलं नाही. चौथ्या डावाला आपल्या माणसाने चेंडू लाथ मारून समोरच्यांकडे धाडला आणि लोकांनी टचडाउन झाल्यासारख्या टाळ्या वाजवल्या. आपणहून चेंडू देऊन टाकला, यात आनंद कसला? आजी नुसत्या हसल्या.

मक्याचं_रान

हा हा, हे अस्सल आयोवा. त्याला पंट म्हणतात. चौथ्या डावाला जमलं नाही तर समोरच्यांना चेंडू जागच्या जागी मिळतो. त्यापेक्षा चाळीस-पन्नास यार्ड लांब ढकलून दिला तर त्यांना तेवढी मजल जास्त मारावी लागते. पण नुसता लांब मारून भागत नाही. चेंडू त्यांच्या शेवटच्या पट्ट्यात गेला तर त्यांना वीस यार्डांच्या रेघेवरून सुरू करायला मिळतं. म्हणून चेंडू असा मारायचा की तो दोन-तीन यार्डांवर पडून मरावा. मग त्यांच्या क्वार्टरबॅकची पाठ भिंतीला लागते, आपला बचाव त्यांना तिथे कोंडतो, आणि चेंडू परत मिळतो तो चांगल्या जागी.

आपल्याकडे टोरी टेलर म्हणून मेलबर्नहून आलेला मुलगा होता. 2023 च्या हंगामात त्याने एकूण 4,479 यार्ड पंट मारले, एका हंगामातला हा विक्रम 1938 पासून कुणी मोडला नव्हता. त्या वर्षी आपल्याला चेंडू घेऊन धावता येत नव्हतं की फेकता येत नव्हतं, आणि तरी दहा सामने जिंकलो. लोक त्याच्या नावाचे शर्ट घालून फिरायचे.

पुढच्या वेळी पंटला चेंडू हवेत असताना वर बघू नका. खाली दोन पोरं जिवाच्या आकांताने त्या तीन यार्डांच्या रेघेकडे पळत असतात, पट्ट्यात जायच्या आत चेंडू थोपवायला. त्यांना बघा. आणि आजींच्या बहिणीचा गुडघा पूर्ण बरा व्हायला वेळ लागेल, तेव्हा नोव्हेंबरची जाड जॅकेटं आत्ताच घेऊन ठेवा.